रूट २३ : कोलंबस ते अ‍ॅन आर्बर, सामन्याच्या आठवड्यात

बुधवार, २२ नोव्हेंबर २०२३, कोलंबस

सकाळी ओहायो स्टेट विद्यापीठात चक्कर मारून आलो. शनिवारी शेजारच्या राज्यातल्या मिशिगन विद्यापीठाशी आपला अमेरिकन फुटबॉलचा सामना आहे. थँक्सगिव्हिंगची सुट्टी लागली, त्यामुळे ओव्हलच्या हिरवळीवर चिटपाखरू नव्हतं. तांबड्या चिकटपट्ट्या मात्र जागच्या जागी होत्या. इमारतींच्या पाट्यांवर जिथे जिथे 'एम' आहे, तिथे तिथे त्यावर फुली. मिशिगनच्या सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात हे अक्षर चालत नाही. जुनी माणसं तर 'मिशिगन' हा शब्दही उच्चारत नाहीत, 'उत्तरेकडची ती टीम' म्हणतात. ही सवय लावली वुडी हेज यांनी. १९५१ ते १९७८ ते इथले प्रशिक्षक होते.

मी १९९८ साली इथे एमएस करायला आलो. त्या नोव्हेंबरात आपण मिशिगनला ३१-१६ हरवलं आणि रात्रभर रस्त्यांवर माणसं होती. खेळातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की आठवडाभर पेठेतल्या कट्ट्यावर दुसरा विषय नसतो, हे बघत वाढलेला. आमचा फुटबॉल पायाने खेळायचा, यांचा हाताने, पण ईर्षा तीच. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, हे गाव आपलं होऊ शकतं.

पंचवीस वर्षं झाली. मधल्या काळात लेक जन्मली, वाढली आणि गेल्या वर्षी शिकायला गेली ती नेमकी अ‍ॅन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात. तिच्या हुशारीचा अभिमान आहेच. पण प्रवेशाचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी बराच वेळ अंगणात उभा होतो, हेही खरं.

दुपारी शेजारचे आजोबा कुंपणाशी आले. वय ऐंशीच्या पुढे, शाळामास्तर होते. यंदाचा सामना २५ नोव्हेंबरला, शनिवारी आहे. १९५० सालीही २५ नोव्हेंबर, शनिवारच होता, हे त्यांनी मला या महिन्यात तिसऱ्यांदा सांगितलं आणि मी तिसऱ्यांदा मन लावून ऐकलं. त्या दिवशीचा सामना, 'स्नो बोल', त्यांच्या वडिलांनी मैदानात बसून पाहिला होता. हिमवादळ असं की मैदानावरच्या रेघा दिसेनात. दोन्ही संघांनी मिळून ४५ वेळा चेंडू लाथेने दूर मारून दुसऱ्याच्या गळ्यात घातला, कारण तो स्वतःजवळ ठेवणंच धोक्याचं होतं. मिशिगनला अख्ख्या सामन्यात एकदाही सलग दहा यार्ड पुढे सरकता आलं नाही, तरी ते ९-३ ने जिंकले. त्या पराभवानंतर इथले प्रशिक्षक गेले आणि त्यांच्या जागी वुडी हेज आले. आजोबा म्हणाले, "तो बर्फ पडला नसता तर वुडी आलाच नसता."

मग आवाज खाली आणून म्हणाले, "पेट्रोल टोलेडोच्या अलीकडेच भर. पलीकडे थांबू नकोस." खेळाडू शोधायला मिशिगनात गेलेल्या वुडींनी परतताना गाडीचा काटा तळाला टेकला तरी त्या राज्यात पेट्रोल भरू दिलं नाही, अशी गोष्ट इथे घरोघरी सांगतात.

रात्री बायकोने बकआय वळले. बकआय म्हणजे ओहायोच्या राज्यवृक्षाचं बी, काळपट तपकिरी आणि त्यावर एक फिकट डोळा. हा गोड पदार्थ हुबेहूब तसा दिसतो. पीनट बटर आणि पिठीसाखरेचा गोळा लाडवासारखा वळायचा, टोचणीवर धरून वितळलेल्या चॉकलेटात बुडवायचा आणि माथ्यावर रुपयाएवढी जागा कोरडी ठेवायची. ती डोळ्याची जागा साधणं हीच कला. बायकोचा हात संक्रांतीच्या लाडवांनी तयार झालेला, त्यामुळे एकही डोळा बुजला नाही. साठ झाले.

गुरुवार, २३ नोव्हेंबर, टोलेडोमार्गे नोव्हाय

सकाळी साडेसातला निघालो. यूएस २३ ने उत्तरेला. डेलावेअर, मग मॅरियन, दोन्ही बाजूंना मका कापलेली सपाट रानं. पुढे फिंडलेपाशी मोठा हमरस्ता लागतो. घरांवर करडे-तांबडे झेंडे. जसजसं टोलेडो जवळ येतं, तसा मधूनच एखादा निळा-पिवळा दिसू लागतो. एका घरावर दोन्ही होते, एकाच दांडीवर खालीवर. बायको म्हणाली, "आपलंही असंच करावं लागणार आता."

टोलेडोत पेट्रोल भरलं.

हे गाव म्हणजे या वैराचं मूळ, आणि मूळ फुटबॉलच्या कितीतरी आधीचं आहे. १८३५ साली ओहायो हे राज्य होतं आणि मिशिगनला राज्य व्हायचं होतं. जुन्या चुकीच्या नकाशांमुळे टोलेडोची पट्टी कुणाची यावर भांडण लागलं. दोघांनीही शिपाईगडी गोळा केले. प्रत्यक्षात रक्त सांडलं ते एका अधिकाऱ्याला लागलेल्या चाकूच्या जखमेपुरतंच. शेवटी काँग्रेसने टोलेडो ओहायोला दिलं आणि मिशिगनला बदल्यात वरच्या द्वीपकल्पाचा पश्चिम भाग. जानेवारी १८३७ मध्ये मिशिगन राज्य झालं. त्या वेळी मिशिगनकरांना आपण नाडलो गेलो असं वाटलं होतं. पुढे त्याच भागात तांबं आणि लोखंड निघालं.

माझ्या आईचं माहेर निपाणी. नकाशावरची रेघ माणसाच्या घरातून कशी जाते, ते मला कुणी समजावून सांगावं लागत नाही. सीमा ओलांडताना मी दर वेळी गाडीचा वेग थोडा कमी करतो. मिशिगनची स्वागताची पाटी येते आणि जाते. रस्ता तोच, झाडं तीच.

साडूचं घर नोव्हायला. तो मिशिगन विद्यापीठातच शिकला, इथेच गाड्यांच्या कारखान्यात डिझाइनचं काम करतो. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण सामन्याच्या गोष्टीत वडिलकी त्याची. दारातच म्हणाला, "या दादा. चपला बाहेर काढा आणि ती तांबडी टोपीपण." मेहुणीने टर्की ओव्हनमध्ये घातली होती, पण शेगडीवर तांबडा रस्सा उकळत होता आणि शेजारी पांढरा. घरात शिरताच त्या वासाने तीन तासांचा शीण गेला. लेक अ‍ॅन आर्बरहून आधीच पोहोचली होती. निळा स्वेटशर्ट घातलेला. मी काही बोललो नाही. तिनेच जवळ येऊन मिठी मारली.

दुपारी टीव्हीवर डेट्रॉइट लायन्सचा सामना होता. ते १९३४ पासून थँक्सगिव्हिंगला खेळत आले आहेत. पण त्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. जेवण झालं, ताटं उचलली, आणि साडूने दोन वाट्या आणून टेबलावर उपड्या केल्या. एकीत शेंगदाणे, दुसरीत फुटाणे.

"शेंगदाणे मिशिगन, फुटाणे ओहायो. अकरा-अकरा मोजा."

बायको आणि मेहुणीला त्याने आधी मूळ सांगितलं, आणि इतकं सोपं करून मी कधी ऐकलं नव्हतं. चेंडू ज्याच्याकडे, त्याला चार डाव. चार डावांत दहा यार्ड पुढे सरकलं तर पुन्हा चार नवे डाव, नाहीतर चेंडू समोरच्याचा. बाकी सगळं यावर रचलेलं. मग त्याने पाच शेंगदाणे ओळीत लावले आणि त्यांच्या बाजूला आणखी एक, मग आणखी एक. "दोन आठवड्यांपूर्वी पेन स्टेटच्या मैदानावर आपण हेच केलं. धिप्पाड गडी ओळीत जास्तीचे घातले आणि नुसते धावलो. दुसऱ्या अर्धात नोंदीला एकही पास नाही. सगळ्या जगाला माहीत होतं की धावणार आहेत, तरी अडवता आलं नाही. २४-१५."

मी फुटाणे सरकवले. माझं म्हणणं असं होतं की यंदाचा ओहायो स्टेटचा बचाव गेल्या दोन वर्षांचा नाही. २०२१ ला अ‍ॅन आर्बरच्या बर्फात हसन हॅस्किन्सने एकट्याने पाच टचडाउन केले, म्हणजे पाच वेळा चेंडू आमच्या गोलरेषेपार नेला. २०२२ ला आमच्याच घरात डॉनोव्हन एडवर्ड्स हाताला दुखापत असताना ७५ आणि ८५ यार्ड पळाला. दोन्ही वेळा आमची मधली भिंत फुटली आणि मागे राखणीला कुणी नव्हतं. यंदा मागची राखण सुधारली आहे. आणि बाहेरच्या कडेला मी एक फुटाणा एकटाच ठेवला. "हा मार्विन हॅरिसन ज्युनियर, आमचा पास झेलणारा. याला एकट्याने कोण धरणार?"

साडूने एक शेंगदाणा उचलून बरोबर त्याच्यासमोर ठेवला. "विल जॉन्सन."

लेक इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "काका, बाबा, तुम्ही दोघंही क्वार्टरबॅकबद्दल, चेंडू फेकणाऱ्याबद्दल, बोलतच नाही आहात. आमच्या जेजे मॅकार्थीने हा सामना गेल्या वर्षी कोलंबसमध्ये जिंकून दाखवलाय. तुमच्या काइल मॅकॉर्डची ही पहिली खेप आहे, आणि तीही एक लाख माणसांच्या आरडाओरड्यात."

मी म्हणालो, नोत्र दामच्या मैदानावर शेवटच्या सेकंदाला जिंकून आलाय तो. पण बोलताना माझ्याच लक्षात आलं, पोरगी बरोबर बोलतेय. टेबलावरच्या त्या फुटाण्यापर्यंत चेंडू पोहोचवणारा फुटाणा मी मांडलाच नव्हता.

रात्री बकआय निघाले. साडूने दोन खाल्ले, तिसरा उचलला आणि म्हणाला, "वहिनी, चवीत वैर नसतं."

शुक्रवार, २४ नोव्हेंबर, अ‍ॅन आर्बर

लेकीने दिवसभर पायी फिरवलं. थंडी बोचरी, ऊन स्वच्छ. विद्यापीठाच्या मधल्या चौकाला 'डायाग' म्हणतात. तिथे फरशीत पितळी 'एम' बसवला आहे. पहिली परीक्षा होण्याआधी त्यावर पाय पडला तर नापास होतो अशी समजूत. लेकीने तिची पहिली परीक्षा होईपर्यंत वळसा घातला होता. मी वाकून त्या अक्षरावरून बोट फिरवलं. कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. बुधवारी याच अक्षरावरची फुली पाहिली होती, आणि शुक्रवारी ते असं पायाखाली, इतक्या जणांनी जपलेलं. फुली मारणाऱ्या पोरांनी एकदा हे पाहायला यावं असं मनापासून वाटलं.

दुपारी स्टेडियम बाहेरून पाहिलं. बसायची जागा १,०७,६०१ माणसांची, पण रस्त्यावरून ते तेवढं मोठं वाटत नाही, कारण १९२७ साली ते जमिनीत खणून बांधलं. बराचसा भाग खाली आहे. आमचं कोलंबसचं १९२२ चं मैदान घोड्याच्या नालेच्या आकाराचं, लांबूनच छाती पुढे काढून उभं. स्वभावाचा हा फरक दोन्ही गावांत मला कायम जाणवतो.

संध्याकाळी लेकीच्या खोलीवर तिच्या मैत्रिणी आणि त्यांचे आईवडील जमले. दहा-बारा माणसं, एक मोठं भांडं चिलीचं. पुन्हा तीच चर्चा, पण इथे सूर वेगळा होता, कारण यांचा मुख्य प्रशिक्षक उद्या मैदानात नसणार. प्रतिस्पर्ध्यांचे सामने आधी जाऊन बघायचे आणि कडेवरून केलेल्या खुणा टिपून घ्यायच्या, असा आरोप मिशिगनच्या कर्मचाऱ्यावर आहे. त्यावरून दोन्ही संघ ज्या साखळीत खेळतात त्या बिग टेनने १० नोव्हेंबरला जिम हार्बॉ यांना उरलेल्या तीन सामन्यांना मनाई केली. आठवडाभर शिकवू शकतात, सामन्याच्या दिवशी नाही. शेरोन मूर त्यांच्या जागी उभे राहतात. पेन स्टेटला हरवल्यावर मूर कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडले, ते मीही पाहिलं होतं.

एक मुलगी तावातावाने म्हणाली की हा अन्याय आहे. एका वडिलांचं मत पडलं, नियम मोडला असेल तर भोगावं. मला विचारलं तेव्हा जे वाटतं ते सांगितलं. खुणा चोरून खरंच किती फायदा झाला हे चौकशी करणाऱ्यांनी ठरवावं, पण गेल्या दोन वर्षांत आमची ओळ मागे रेटली गेली ती ताकदीने. त्याचं खापर मी खुणांवर फोडणार नाही. त्यावर ती मुलगी गप्प झाली आणि तिने माझ्या वाडग्यात आणखी चिली वाढली.

मग १९६९ निघालं. ते निघाल्याशिवाय या गावात रात्र होत नाही. वुडी हेज यांनी १९६८ ला मिशिगनला ५०-१४ असं धुतलं. पुढच्या वर्षी मिशिगनने प्रशिक्षक आणला तो बो शेम्बेक्लर, वुडींच्या हाताखाली खेळलेला आणि त्यांचाच मदतनीस राहिलेला. गुरू पहिल्या क्रमांकावर, सलग २२ सामने अजिंक्य. शिष्याने २४-१२ ने हरवलं. तिथपासून दहा वर्षं दोघे एकमेकांसमोर उभे राहिले. हिशेब निघाला तो पाच शिष्याचे, चार गुरूचे, एक बरोबरीत. २००६ साली पहिला आणि दुसरा क्रमांक भिडणार होते, त्याच्या आदल्या दिवशी बो गेले. ती बातमी मी कोलंबसमध्ये ऐकली. कचेरीत, कट्टर तांबड्या माणसांत, कुणीच काही बोललं नाही.

झोपताना जे डोक्यात होतं ते इथे लिहितो. दोन्ही संघ ११-०. आम्ही दुसऱ्या क्रमांकावर, ते तिसऱ्या. जिंकेल तो बिग टेनच्या अंतिम सामन्यात इंडियानापोलिसला आयोवाशी खेळणार, आणि राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या चार जागांत हरलेल्याला जागा मिळेलच असं नाही. पुढच्या वर्षी त्या चाराच्या बारा होणार. बिग टेनमध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरचे संघ येणार, एकूण अठरा. म्हणजे ११-० चे दोघे भिडले, तरी हरणारा बहुतेक पुढे जाणारच. लोक म्हणतात बरं झालं, एका दिवसावर सगळं अवलंबून नको. मला ते पटत नाही. शंभर वर्षांहून जास्त काळ हा शनिवार माणसांनी वर्षभर उरात बाळगला, तो त्यावर सगळं अवलंबून होतं म्हणूनच. आठवडाभर शेंगदाणे-फुटाणे मांडले जातात ते त्यासाठीच. उद्याचा सामना या जुन्या तऱ्हेचा शेवटचा आहे, आणि तो मी लेकीच्या गावात पाहणार आहे.

शनिवार, २५ नोव्हेंबर, सामना

सकाळी सातला विद्यापीठाच्या गोल्फ मैदानावर. स्टेडियमच्या समोरच हे मैदान आहे, आणि सामन्याच्या दिवशी तिथे हिरवळीवर गाड्या लावू देतात. गाडीची डिकी उघडायची, टेबल मांडायचं, शेगडी पेटवायची. साडूने कांदापोहे आणले होते डब्यात, आणि शेजारच्या गाडीतल्या कुटुंबाने सॉसेज भाजायला घेतले होते. अर्ध्या तासात देवघेव झाली. मी तांबडा स्वेटर घालूनच उभा होतो. येणारे-जाणारे थांबत, हात मिळवत आणि एकच प्रश्न विचारत: "कसं वाटतंय?" हवामान विचारावं तितक्या सहज. आणि प्रत्येकाला खरं उत्तर हवं असायचं. मी सांगायचो, "मॅकॉर्डची काळजी वाटते." ते सांगायचे, "आम्हाला हॅरिसनची." एक बाई म्हणाली, तिला गुरुवारपासून जेवण गेलेलं नाही. तिचा हात खरंच थरथरत होता.

लेक विद्यार्थ्यांच्या भागात गेली. जाताना माझ्या हातात हात देऊन म्हणाली, "बाबा, काहीही झालं तरी संध्याकाळी एकत्र जेवायचं."

आत शिरलो आणि पायाखाली ते प्रचंड भांडं उघडलं. खालपर्यंत निळं-पिवळं, एका कोपऱ्यात आमचा तांबडा तुकडा. दोन्ही संघांना यायला-जायला बोगदा एकच. बाराच्या ठोक्याला सुरुवात.

सामना सगळ्यांनी पाहिला आहे, त्यामुळे टेबलावर जे मांडलं होतं तेवढंच लिहितो. पहिल्याच सत्रात मॅकॉर्डने हॅरिसनकडे फेकलेला चेंडू विल जॉन्सनने पळवला, आमच्या गोलरेषेच्या अगदी तोंडाशी. शेंगदाणा बरोबर त्या फुटाण्यासमोर होता. त्यावरून ब्लेक कोरमने पहिला टचडाउन केला. पहिला अर्ध संपताना आम्ही धाडस करायचं सोडून ५२ यार्डांवरून किक मारली, ती हुकली. याचं वाईट मला अजून वाटतं. तिसऱ्या सत्रात १७-१७ असताना मिशिगनच्या ओळीतला झॅक झिंटर पाय मोडून पडला. एवढं लाखाचं मैदान निःशब्द झालं. सगळा संघ त्याच्याभोवती जमला, आम्ही तांबडे लोकही उभे राहिलो. गाडीवरून त्याला नेलं, आणि पुढच्याच डावात कोरम २२ यार्ड पळत सुटला. त्याने बोटांनी झिंटरचा ६५ आकडा दाखवला. साडूच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्याने माझा दंड धरला होता, आणि तो मी सोडवला नाही.

३०-२४. शेवटच्या मिनिटाला चेंडू आमच्याकडे होता, टचडाउन झाला असता तर सामना आमचा. मॅकॉर्डच्या हाताला धक्का बसला, चेंडू हवेत तरंगला आणि मिशिगनच्या रॉड मूरच्या हातात जाऊन पडला. पंचवीस सेकंद उरले होते.

संध्याकाळी एकत्र जेवलो. लेकीचा आवाज पूर्ण बसला होता. मी तिला गरम पाणी आणि हळद-मीठ करून दिलं.

रविवार, २६ नोव्हेंबर, परत

गाडीत फारसं बोलणं झालं नाही. रायन डे मुख्य प्रशिक्षक झाल्यापासून बिग टेनमध्ये आम्ही फक्त एकाच संघाकडून हरलो आहोत, आणि आता सलग तिसऱ्यांदा. टोलेडोच्या त्या घरावर दोन्ही झेंडे अजून एकाच दांडीवर होते, फक्त निळा वर आला होता.

दुपारी घरी पोहोचलो तेव्हा आजोबा पानं गोळा करत होते. दाताळं भिंतीला टेकवून कुंपणाशी आले. सामन्याबद्दल एक शब्द काढला नाही.

"पेट्रोल कुठे भरलंस?"

"जाताना टोलेडोत. येतानाही टोलेडोत."

त्यांनी मान डोलावली. मग खिशातून पुढच्या वर्षीचं छोटं कॅलेंडर काढलं, नोव्हेंबरचं पान उघडलं आणि बोट ठेवलं. ३० तारीख, शनिवार, कोलंबस. तिथे पेन्सिलीने आधीच खूण केलेली होती.

"पोरीला आत्ताच सांगून ठेव," ते म्हणाले, "त्या आठवड्यात घरी ये म्हणावं."